तात्या, तुम्ही मला कुणाशेजारी बसवलं नाहीत

इंदापूर,
रविवार, दुपार

प्रिय तात्या,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. मी तुमच्यावर रागावलोय, आणि रागात तीर्थरूप लिहिणं म्हणजे खोटेपणा. म्हणून नुसतं प्रिय. तेही जरा दात खाऊनच.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. आज लिहायला बसलो कारण समोर एक अर्ज पडलाय. तुम्ही नोकरीत असताना गेलात, म्हणून घरातल्या एकाला तुमच्या जागी एसटीत घेतात. अनुकंपा म्हणतात त्याला. आईनं अंगठा उठवलाय. सुनंदानं 'माझी हरकत नाही' अशी सही केलीय. राहिली ती माझी एकट्याची सही. उद्या सोमवारी बारामतीच्या डेपोत अर्ज दिला की मी कंडक्टर! तेविसाव्या वर्षी पोराचा जन्माचा प्रश्न मिटला, असं शेजारपाजारचे आईला सांगून जातात.

आणि मला काहीच माहीत नाही, तात्या. हे काम कसं असतं, मला झेपेल का, आवडेल का, कशाचाच पत्ता नाही. कंडक्टरचा मुलगा असून! कुणाला तरी विचारावं म्हटलं, तर ज्याला जे काम जाणून घ्यायचंय त्याला त्या कामातल्या माणसाशेजारी नेऊन बसवणारा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होता. तो तुम्ही, आणि तुम्ही तर हे असे निघून गेलात.

तुमच्या बारामती-इंदापूर गाडीत काय चालायचं ते परक्या माणसाला सांगितलं तर त्याला पटायचं नाही. गाडीत रोज चढणारा माणूस कोण, कुठं कामाला, हे तुम्हाला पाठ. वालचंदनगरच्या कारखान्यात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, बारामतीच्या दवाखान्यातल्या सिस्टर, इंदापूरच्या तहसिलीतले कारकून, गुरांचे डॉक्टर. कॉलेजातल्या एखाद्या पोरानं तिकीट घेता घेता विचारायचं, "तात्या, ड्राफ्ट्समन म्हंजी काय करत्यात वो?" की संपलं. दुसऱ्या दिवशी त्या ड्राफ्ट्समनशेजारच्या जागेवर तुमची पिशवी पडलेली असायची. कुणी बसायला आलं की तुम्ही म्हणायचात, "हितं माणूस येनार हाय."

मग ते पोरगं चढायचं. तुम्ही त्याला दंडाला धरून आणायचात.

"सायेब, ह्ये पोरगं बारावीला हाय. त्येला तुमच्या कामाचं जरा सांगा. जंक्शनच्या फाट्यापत्तुर येळ हाय."

साहेब सावध व्हायचे. वशिला लावायला आलंय की काय! तुम्ही हात जोडायचात. "नोकरी नगं सायेब. निस्ती म्हायती."

एवढं म्हटलं की माणूस सैल व्हायचा. मी स्वतः बघितलंय. नोकरी मागितली असती तर खिडकीबाहेर बघत बसले असते, पण माहिती मागितल्यावर मोठमोठे लोक पोरासारखे बोलायला लागायचे. त्यांना तरी घरी कोण विचारत होतं?

तुम्ही पोरांना तीन प्रश्न पढवून ठेवले होते. ह्या कामात कसे आलात? ह्यात वंगाळ काय ते आधी सांगा. आणि तिसरा, तुमचा लाडका, "सोताच्या लेकराला ह्यात घालाल का?" तिसऱ्या प्रश्नाला माणूस हमखास थांबायचा. कुणी हसायचं, कुणी चष्मा पुसत बसायचं. एका कारकुनानं तर उतरायच्या आधी पायरीवरून मागं वळून उत्तर दिलं होतं, आणि बापूराव ड्रायव्हरनं तेवढ्यासाठी गाडी थांबवून धरली होती.

हे सगळं मी बघत होतो. उभ्यानं!

कारण आपल्याकडं पास. एसटीवाल्याच्या घरच्यांना फुकट पास मिळतो, आणि पासवाल्यानं तिकीटवाल्याच्या आधी बसायचं नाही. हा नियम एसटीचा होता की तुमचा, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या गाडीत तो होता एवढं खरं. गाडी बारामतीतून भरूनच निघायची. मी कॉलेजातून येताना निमगावला गर्दी उतरेपर्यंत दांड्याला धरून उभा, आणि समोर गावची पोरं ऐटीत बसून साहेबांशी बोलतायत. काय जळायचो मी! एकदा तर जगतापांच्या रव्याच्या पायावर मुद्दाम पाय दिला. गाडी हलली असं म्हणालो.

तुम्हाला वाटत असेल, दत्त्याला काय, त्याला सगळं ऐकू येतंय. ऐकू यायचं हो! पण दुसऱ्याला दिलेलं उत्तर चोरून ऐकण्यात आणि आपल्या प्रश्नाला उत्तर मिळण्यात फरक आहे.

तो दिवस तुम्हाला आठवतो का? गुरांच्या डॉक्टरशेजारी तुमची पिशवी होती. लासुर्ण्याचं कुणी पोरगं यायचं होतं, ते आलं नाही. गाडी भवानीनगरच्या पुढं आली तरी जागा रिकामी. मी पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि बसलो. डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. तेवढ्यात तुम्ही आलात.

"तुला काय इचारायचंय का त्यास्नी?"

मी मान खाली घातली. "काय न्हाय."

"मग ऊठ. पासवाला हायेस."

भरल्या गाडीत! मी उठलो. एका म्हातारीला तुम्ही तिथं बसवलंत, आणि ती डॉक्टरांना तिच्या शेळीच्या खुराबद्दल विचारत इंदापूरपर्यंत गेली. तिलाही मिळालं, तात्या. शेळीलाही मिळालं.

हे गिळलं असतं मी. बाप नियमाचा पक्का आहे, असं म्हणून मनाची समजूत घातली असती. पण मग सुनंदाची पाळी आली.

ती तेव्हा अकरावीला. तिचाही पास माझ्यासारखाच. एका सकाळी स्टँडवर तुम्ही स्वतःच्या खिशातले पैसे घालून तिचं पूर्ण तिकीट फाडलंत. मी बघत होतो. टक् करून पंच मारला आणि तिच्या हातात तिकीट दिलंत, कुणी परकी असल्यासारखं. मग तिला दवाखान्यातल्या सिस्टरशेजारी नेऊन बसवलंत. "सिस्टर, ही आमची पोरगी. रीतसर तिकीट काढल्यालं हाय तिचं. तिला इचारायचंय."

सिस्टर तिला म्हणाल्या, "हे बघ, आधी वाईट सांगते. पाय सुजतात. पेशंट शिव्या देतात आणि नातेवाईक त्याहून जास्त. गेलेल्याचे डोळे मिटवावे लागतात. आधी तेवढं पचव." सुनंदा वहीत लिहीत होती. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं, आणि ती जीभ बाहेर काढून लिहीत होती. तुम्ही मागं उभे राहून तिच्या वहीत बघत होतात. तुमचं ते तोंड मला अजून दिसतं. माझ्याकडं बघताना ते तसं कधी झालं नाही.

एकदा नाही, चार वेळा काढलंत तिचं तिकीट! सिस्टर, मग औषधाच्या दुकानातला, मग बालवाडीच्या बाई, मग पुन्हा सिस्टर. मी तिची वही एकदा वैरणीत लपवली होती. दोन दिवस शोधत होती रडत रडत. तिसऱ्या दिवशी मीच शोधून दिली आणि शाबासकी घेतली. हे तुम्हाला आज सांगतोय. आता काय करणार आहात?

माझं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मित्र कॉमर्सला गेले म्हणून मी कॉमर्सला गेलो. त्यातला एक टायपिंगला गेला म्हणून मी टायपिंगला. शेवटी तहसिलीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहिलो, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या नोकऱ्यांचे अर्ज छापत राहिलो. तलाठ्याचे, पोलिसातले, शिक्षकांचे. तुम्ही दुपारी गाडी लावून दुकानासमोरून जायचात. "जेवलास का?" एवढंच विचारायचात. मी "व्हय" म्हणायचो. त्यापलीकडं आपलं बोलणं झालं असेल तर मला दाखवा!

मग तो दिवस. तुम्ही इंदापूरच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी सही करायला वाकलात आणि तसेच खाली बसलात. बापूराव धावत दुकानात आले. मी पोचेपर्यंत तुमच्या गळ्यातली तिकिटांची पेटी कुणीतरी काढून बाकावर ठेवली होती. तुमच्याकडं बघायच्या आधी मी तिच्याकडं बघितलं. का, ते माहीत नाही.

दहाव्याला किती माणसं आली! त्यातली निम्मी मला ओळखत नव्हती, मी त्यांना ओळखत नव्हतो. एक ग्रामसेवक आला, एक फिटर आला, कोण पशुधन खात्यातला, कोण शाळामास्तर. प्रत्येकाचं एकच. "मला तात्यांनी अमक्याशेजारी बसवलं हुतं. तितनं माझं ठरलं." रडत होते हो! मी चहा फिरवत होतो आणि आतून करपत होतो. बाप माझा गेला होता, आणि बापाच्या गोष्टी सगळ्या त्यांच्याकडं. त्या फिटरनं मला अगदी साध्या मनानं विचारलं, "आन तुमाला कुणाशेजारी बसवलं हुतं?"

मी कप गोळा करायला लागलो.

काल सुनंदा पुण्याहून सुट्टी काढून आली. नर्सिंगचं तिसरं वर्ष आहे तिचं. कागद बघितला, पेन मागितलं, एका दमात सही केली आणि भाकरीला बसली. मला ते सहन झालं नाही. सरकारी असल्यासारखी नोकरी, तिचाही तेवढाच हक्क, आणि ती अशी सोडून देते, जसं कुणी जेवणाचं पान दुसऱ्यापुढं सरकवावं!

"तुला नको ही नोकरी?" मी विचारलं.

"मला माझं काम हाय की दादा."

तिथं माझा तोल गेला. "हाय, कारण तुला बापानं ताटात वाढून दिलं! तिकीट काढून दिलं! मला काय दिलं? उभं राहायला दांडा!" आई मधे पडली. मी तिलाही बोललो. तुम्ही असतात तर कानाखाली बसली असती.

सुनंदानं घास खाली ठेवला. ती चिडली नाही, याचाच मला जास्त राग आला. ती म्हणाली, "मला दिलं न्हाय दादा. मी मागितलं. परसात बसलं हुतं तात्या, मी जाऊन म्हनलं, नर्सचं काम कसं असतं मला कुनाला तरी इचारायचंय. तुझं बी मी म्हनलं हुतं त्यास्नी."

"काय म्हणालीस?"

ती उठली आणि आपल्या बॅगेतून ती वही काढून आणली. तीच, वैरणीत लपवलेली. पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. वर लिहिलं होतं, 'सराव'.

म्हणजे सिस्टरकडं पाठवायच्या आधी तुम्ही तिच्याकडून स्वतःवर सराव करून घेतला होतात! तिनं तुम्हाला तेच तीन प्रश्न विचारले, आणि तुम्ही बोललात तसं तिनं लिहून घेतलं. तात्या, मी ते पान उभ्या उभ्याच वाचलं.

'ह्या कामात कसे आलात?' खाली तुमचं उत्तर. "न इचारता. आमच्यात मेंढरांबिगर कुनाला काय म्हाईत हुतं? आज्जा बी मेंढरामागं, बा बी मेंढरामागं. भरतीच्या दिशी बारामतीला गेलो. दोन लायनी हुत्या. लांब हुती ती सोडली, आखूड हुती तितं हुभा ऱ्हायलो. ती कंडक्टरची निघाली."

मला हसू आलं हो. वाईट वेळी आलं. सत्तावीस वर्षं केलेली नोकरी, आणि रांग आखूड म्हणून!

'वंगाळ काय?' तिथं लिहिलंय, "दिसभर माणसात असतो, आन बोलत कुनाशीच न्हाय. कुठं जायचं? सुट्टे द्या. म्होरं सरका. संपलं. म्हनून दुसऱ्यास्नी बोलाया बसवतो. तेवढंच कानाला बरं वाटतं."

घरी हे कधी बोलला नाहीत. मी विचारलंही नाही, हे खरं. तुमच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभा होतो रोज, आणि सगळं लक्ष समोरच्या बाकावर. गाडीत सगळ्यांच्या कामाची चौकशी व्हायची, फक्त कंडक्टरची नाही.

आणि मग तिसरा प्रश्न. सुनंदानं माझं नाव घालून विचारला होता. 'दत्तादादाला ह्यात घालाल का?'

तुमचं उत्तर असं आहे: "त्यो इचारंल तवा सांगीन. त्येचं त्येनं इचाराया पायजे. दोन वरीस झालं, रोज माझ्याम्होरं हुभा ऱ्हातो, वाटतं आज इचारतोय, आज इचारतोय. त्यो काय इचारत न्हाय. मी वाट बघतोय."

त्याच्याखाली सुनंदानं दोन ओळी कोऱ्या सोडल्यात. म्हणाली, "तू इचारलंस की लिवायचं म्हनून सोडल्या हुत्या."

तात्या, ही काय रीत झाली? वाट बघत होतात! मी पण वाटच बघत होतो! तुम्ही म्हणाल म्हणून मी थांबलो, मी विचारीन म्हणून तुम्ही थांबलात, आणि गाडी रोज इंदापूरला पोचत राहिली. गावच्या पोरांना दंडाला धरून आणत होतात ना? मग एकदा माझ्या दंडाला धरून "काय इचारायचं ते इचार की लेका" म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? डॉक्टरांच्या शेजारून उठवलंत तेव्हा तुम्ही मला प्रश्न विचारला होता, हे मला कालपर्यंत कळलंच नव्हतं. मला फक्त 'ऊठ' ऐकू आलं होतं.

आणि सुनंदा! सुनंदाचा हेवा गेला असं समजू नका. उलट वाढला. पूर्वी वाटायचं, तिला तिकीट मिळालं. ते एक वेळ परवडलं. पण तिनं तुम्हाला तुमच्या कामाचं विचारलं, आणि तुम्ही तिला खरं सांगितलंत. ते आता मला कुठून मिळणार? ती वही मला ठेव म्हणाली. मी नको म्हणालो. तिचं आहे ते. तिनं कमावलंय.

रात्रभर विचार केला आणि सकाळी ठरवलं ते सांगतो. अर्ज उद्या द्यायचा नाही. मुदत अजून आहे, मी कागद तीनदा वाचलाय. उद्या बारामतीला जाणार, पण खिडकीवर नाही, कँटीनमध्ये. बापूरावांना विचारणार. तुमच्याबरोबर भरती झालेल्या कंडक्टरांना विचारणार. मग त्या फिटरकडं वालचंदनगरला जाणार, ग्रामसेवकाकडं जाणार. ज्यांच्या तोंडासमोरून मी कप उचलले त्या सगळ्यांकडं. नोकरी नको, माहिती द्या म्हणणार. आणि मग सही करीन, नाहीतर कागद सुनंदाच्या सहीसकट परत ठेवून देईन. आई रडेल. तिला सांभाळून घेईन.

लाज वाटते, तात्या. त्याच पोरांसमोर जाऊन बसायचं, ज्यांच्यावर सात वर्षं जळलो! 'तुम्ही ह्या कामात कसे आलात' एवढं म्हणणंही जड जाईल. म्हणून आधी तुमच्यावर सराव करतो.

तात्या, कंडक्टरचं काम कसं होतं? मला घातलं असतंत का ह्यात?

बघा, विचारलं.

उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. तरी ह्यापुढं मनात प्रश्न घेऊन मी कुणासमोर गप्प उभा राहणार नाही. आज संध्याकाळी आई चुलीपाशी बसली की पहिलं तिच्यापाशी जाऊन बसीन, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते ते तिला कसं वाटतं, ते विचारीन. हे माझं वचन, तात्या.

तुमचा,
दत्ता